दोन भाषांच्या वाचकाचे मत



या वाचक मेळाव्याचे अध्यक्षपद आपण मला दिले आहे. सकाळी नावनोंदणी करताना संयोजकांनी प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी दिली होती. तिच्यावर दोनच प्रश्न होते : सध्या काय वाचता, आणि त्याबद्दल तुमचे मत काय? चहाच्या सुट्टीत मी तो गठ्ठा मागून घेतला आणि सगळा वाचून काढला. लिहून आणलेल्या भाषणापेक्षा त्या चिठ्ठ्यांबद्दल बोलणे मला जास्त गरजेचे वाटते.

पहिल्या प्रश्नाची उत्तरे वाचून मन भरून आले. शिवाजी सावंतांची 'छावा' पुष्कळांच्या हाती आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत तिच्यावरचा चित्रपट आला आणि १९७९ सालची ही कादंबरी घराघरांतल्या कपाटांतून पुन्हा बाहेर निघाली. 'मृत्युंजय' आपल्याकडे कधी सुटलीच नव्हती. उमा कुलकर्णींनी मराठीत आणलेले भैरप्पा आहेत. दिवाळी अंक आहेत. बानू मुश्ताक यांना आंतरराष्ट्रीय बुकर मिळाल्यावर त्यांच्या कथा शोधून, मूळ कन्नडमधून वाचणारी मराठी आडनावाची माणसे आहेत. 'वाचायला वेळच होत नाही' असे सरळ लिहिणारेही आहेत, आणि तरीही ते आज इथे आले, याचे मला मोल वाटते.

दुसऱ्या प्रश्नापुढे मात्र बहुतेकांनी एकेकच शब्द लिहिला आहे. छान. आवडले. वाचनीय. मला याची काळजी वाटते. हुबळी-धारवाडच्या मराठी वाचकाजवळ पुस्तकांविषयी असे काही सांगण्यासारखे असते, जे पुण्या-मुंबईच्या वाचकाला सहसा सांगता येणार नाही. कारण तो वाचक एका भाषेत वाचतो आणि आपण दोन भाषांत. घरात मराठी, बाजारात कन्नड, शाळेत कन्नड नाहीतर इंग्रजी, आणि पुस्तक हाती येईल त्या भाषेतले. अशा वाचकाचे मत छापून यायला हवे, सभेत मांडले जायला हवे. आपण ते घरातल्या घरात ठेवतो, आणि आता तर 'छान' म्हणून तेही आवरते घेतो.

आपल्या या मुलखात पूर्वी असे नव्हते. १९५६ पर्यंत धारवाड जिल्हा मुंबई राज्यात होता. ज्या गव्हर्नर लॅमिंग्टनचे नाव आपल्या हुबळीतल्या रस्त्याला आहे, त्याच्याच नावाने मुंबईतला रस्ताही ओळखला जातो. त्या काळात शाळा-कचेऱ्यांत मराठीचा वरचष्मा होता आणि कन्नडला तिच्याच घरात जागा मागावी लागत होती. त्या खंतीतून १८९० साली धारवाडला कर्नाटक विद्यावर्धक संघ उभा राहिला. हे आपण मराठी माणसांनी मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. पण त्या ताणातही वाचणारी माणसे एकमेकांची पुस्तके वाचत होती आणि त्यांवर आपले मत बनवत होती.

गळगनाथांचेच पाहा. कन्नड कादंबरीच्या आरंभीच्या लेखकांत त्यांचे नाव फार आदराने घेतात. हरि नारायण आपट्यांच्या कादंबऱ्या त्यांनी कन्नडमध्ये नेल्या. आपट्यांच्या 'वज्राघात'मध्ये विजयनगरचा अंत आहे. तिच्यावरून गळगनाथांनी 'कन्नडिगर कर्मकथे' लिहिली. मला नेहमी वाटते, की हे नुसते भाषांतराचे काम नव्हते, तो एका वाचकाचा निवाडा होता. पुण्याच्या लेखकाने सांगितलेली ही गोष्ट खरे तर आमच्या माणसांची आहे, त्यांनी ती आपल्या भाषेत वाचली पाहिजे, असे त्यांना मनापासून पटले. पुढे आपल्या पुस्तकांचा गठ्ठा डोक्यावर घेऊन ते गावोगाव विकत हिंडले, असे सांगतात. मत असे ठाम असले की माणूस त्यासाठी पायपीट करतो.

उलट दिशेनेही येणे-जाणे होते. शं. बा. जोशी धारवाडचे, कन्नड संस्कृतीच्या अभ्यासकांत अग्रणी. मराठ्यांच्या मुळांविषयी आपल्याला जे वाटते ते मराठी वाचकांपुढे त्यांच्याच भाषेत मांडावे, म्हणून त्यांनी 'मऱ्हाटी संस्कृती' हा ग्रंथ मराठीत लिहिला. त्यांची सगळी अनुमाने आज कुणी मान्य करणार नाही. पण शेजाऱ्याच्या घरात जाऊन, त्याच्या भाषेत, त्याला न रुचणारे मत सांगायला जी आपुलकी लागते ती त्या पुस्तकात आहे. आणि बेंद्रे! घरी मराठी, कविता कन्नड. सोलापूरच्या डी.ए.व्ही. कॉलेजात १९४४ ते १९५६ ते कन्नड शिकवत होते, आणि मराठीतही लिहीत होते. साधनकेरीच्या त्या घरात दोन भाषा एका ताटात जेवल्या.

पण ज्यांच्याबद्दल मला आज थांबून बोलायचे आहे ते जी. ए. कुलकर्णी. धारवाडच्या जे.एस.एस. कॉलेजात वर्षानुवर्षे ते इंग्रजी शिकवत होते. 'निळासावळा', 'पारवा', 'हिरवे रावे', 'रक्तचंदन', 'काजळमाया' : हे सगळे लेखन धारवाडसारख्या कन्नड गावात राहून झाले. 'काजळमाया'ला मिळालेला साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांनी परत केला, हे सर्वांना ठाऊक आहे. ते सभांना जात नसत. भाषणे करत नसत. मग या माणसाचे पुस्तकांविषयीचे बोलणे कुठे होते? ते पत्रांत होते. त्यांच्या निधनानंतर मौज प्रकाशनाने ती पत्रे खंडांत काढली. पहिल्या खंडात सुनीताबाई देशपांड्यांना लिहिलेली पत्रे आहेत, आणि सुनीताबाईंची त्यांना गेलेली पत्रे 'प्रिय जी.ए.' या नावाने २००३ साली आली. ही दोन्ही पुस्तके समोरासमोर ठेवून वाचा. काय वाचले, कुठे थांबलो, का पटले नाही, कोणती गोष्ट मनातून जाईना, हे दोन प्रौढ माणसे एकमेकांना किती मन लावून सांगतात! त्यात भिडेखातर केलेली स्तुती नाही. पटले नाही तर तसे लिहिले आहे आणि का पटले नाही तेही लिहिले आहे. मराठीतले पुस्तकांविषयीचे काही फार चांगले गद्य असे टपालातून धारवाडहून गेले आणि धारवाडला आले. परीक्षण लिहायला मोठा समीक्षक असावे लागते, असा आपल्यापैकी पुष्कळांचा समज आहे. त्या पत्रांवर समीक्षेचा शिक्का नाही. एका मित्राने दुसऱ्याला सांगितलेले आहे, आणि म्हणूनच ते टिकले.

आता दोन भाषांचा वाचक वेगळे काय पाहू शकतो, याचे एक उदाहरण घेते. वि. स. खांडेकरांची 'ययाति' १९५९ साली आली. तिला पुढे ज्ञानपीठ मिळाले. गिरीश कार्नाडांचे 'ययाति' हे कन्नड नाटक १९६१ साली धारवाडच्या मनोहर ग्रंथमालेने काढले. दोन वर्षांच्या अंतराने, शेजारशेजारच्या भाषांत, तोच राजा. खांडेकरांना त्याच्यात भोगामागे धावणारा आजचा माणूस दिसला. कार्नाड तेव्हा विशी ओलांडलेले, ऑक्सफर्डला निघालेले. त्यांची नजर बापावर न थांबता मुलावर गेली. आपले तारुण्य देऊन टाकणाऱ्या पुरूवर, आणि त्याहून जास्त त्याच्या बायकोवर. ती चित्रलेखा कार्नाडांनी स्वतःच्या मनाने आणली, आणि नवऱ्याने एका रात्रीत स्वीकारलेले म्हातारपण तिने निमूट का सोसावे, हा प्रश्न तिच्या तोंडी घातला. ती शेवटी जीव देते. मी दोन्ही पुस्तके वाचली आहेत आणि माझे मत स्पष्ट सांगते : खांडेकरांची भाषा मला शाळेच्या वयात जितकी भारून टाकत असे तितकी आज टाकत नाही, आणि चित्रलेखेचा प्रश्न मात्र वय वाढत जाते तसा अधिक टोचतो. आपल्यापैकी कुणाला नेमके उलट वाटत असेल. त्यांनी ते मांडावे. ही तुलना मुळातून वाचून करू शकणारे वाचक हुबळी-धारवाड या दोन गावांत जितके आहेत तितके दुसरीकडे मिळणे कठीण.

भैरप्पांचेही तसेच. २०२५ च्या सप्टेंबरात ते गेले. त्यांच्या प्राध्यापकीची सुरुवात आपल्या हुबळीत काडसिद्धेश्वर कॉलेजात झाली होती, म्हणून त्यांच्या जाण्याचे दुःख इथे जरा घरचे होते. महाराष्ट्रात त्यांना मराठी लेखकाइतकेच प्रेम मिळाले. आज 'पर्व' वाचणाऱ्यांनी 'छान' लिहिले आहे. पण त्याच वाचकांनी 'मृत्युंजय'लाही 'छान' म्हटले आहे! सावंतांचा कर्ण तेजाने झळाळतो. त्याच्यावरचा अन्याय आपल्याला रडवतो. 'पर्व'मध्ये चमत्कार नाहीत, वर-शाप नाहीत. थकलेली, म्हातारी होत चाललेली माणसे युद्धाच्या तोंडावर आपले आयुष्य आठवत बसली आहेत. मध्ये आपल्याजवळ इरावती कर्व्यांचे 'युगान्त' आहे, ज्याने मराठी माणसाला महाभारताकडे माणसांची गोष्ट म्हणून बघायला शिकवले. एकाच माणसाला ही तिन्ही पुस्तके आवडू शकतात. मात्र ती तिन्ही एकच गोष्ट सांगत नाहीत, आणि आपण कुणाच्या बाजूला आहोत हे वाचकाने स्वतःला विचारावे.

भैरप्पांच्या 'आवरण'वर मात्र दोन चिठ्ठ्या लांब आहेत. एका भगिनींनी लिहिले आहे की पुस्तक अर्ध्यावर सोडले, कारण पात्रे बोलत नाहीत, लेखकच वाद घालतो. दुसऱ्या चिठ्ठीवर, याच पुस्तकाने मला इतिहास वाचायला लावला, असे आहे. कन्नडमध्ये या कादंबरीवर मोठे वादळ झाले, अनंतमूर्तींनी तिच्यावर कडक टीका केली. मी पहिल्या भगिनींच्या बाजूची आहे. पण दुसऱ्या चिठ्ठीलाही मी मान देते, कारण तिच्यात कारण दिले आहे. आणखी एका चिठ्ठीवर फक्त इथल्याच वाचकाला सुचेल असे वाक्य आहे : कन्नडमध्ये खेड्यातली माणसे भांडतात तेव्हा त्यांचा गाव ऐकू येतो, मराठीत ती सगळी एकाच गावची होतात. अनुवादकांसाठी याहून उपयोगी सूचना कोणती? हे वाक्य ज्यांनी लिहिले त्यांनी ते प्रकाशकांना कळवावे, अशी माझी विनंती आहे.

अनुवादाचा विषय निघाला म्हणून उमाताई कुलकर्णींबद्दल सांगते. त्या बेळगावच्या. त्यांच्या कामाची रीत त्यांनी 'संवादु अनुवादु'मध्ये सांगितली आहे. त्यांचे पती विरूपाक्ष कुलकर्णी कन्नड पुस्तक वाचून टेपवर मुद्रित करून ठेवत आणि उमाताई ते ऐकून मराठी लिहीत. कन्नड कानाला येत होते, लिपीची सवय नव्हती. महाराष्ट्राने ज्या भैरप्पांना जीव लावला ते घरातल्या एका आवाजातून आले आहेत.

आता आपल्या घरांकडे पाहू. आपल्या नातवंडांची गत अगदी तशीच आहे, फक्त बाजू उलटली आहे. आज्जी काय म्हणते ते त्यांना सगळे कळते. हिंदीमुळे देवनागरी अक्षरेही ओळखीची आहेत. पण मराठी पुस्तकाचे एक पान संपेपर्यंत ती दमतात आणि पुस्तक मिटतात. शाळेला, सरकारला, मोबाइलला दोष देऊन मी दमले आहे. मोबाइलवर फिरणाऱ्या चोरट्या पीडीएफबद्दल एवढेच सांगते, की ज्या लेखकावर आपले प्रेम आहे त्याचे पुस्तक विकत घ्यावे, नाहीतर वाचनालयातून आणावे. चोरून घेतलेल्या पुस्तकावर मत द्यायचाही संकोच वाटायला हवा.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. प्रत्येक मंडळाच्या वाचनालयात, पुस्तक परत करायच्या टेबलावर एक जाड वही ठेवावी. पुस्तक परत करणाऱ्याने तिच्यात चार ओळी लिहाव्यात, आणि 'छान' हा शब्द आला तर पुढे 'कारण' लिहिल्याशिवाय वही मिटू नये. पुढच्या वाचकाने त्याखाली आपला होकार-नकार नोंदवावा. कन्नडमध्ये लिहिले तरी चालेल, इथे ते सगळ्यांना वाचता येते. वर्षअखेर त्यातल्या निवडक नोंदी छापाव्यात आणि पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांना पाठवाव्यात.

दुसरी सूचना आवाजाची. ज्यांचे वाचन अजून स्वच्छ आहे अशा आज्ज्यांनी, काकांनी, निवृत्त शिक्षकांनी घरातल्या मुलांना मराठी कथा मोठ्याने वाचून दाखवाव्यात आणि फोनवर मुद्रित करून ठेवाव्यात. घरापुरत्या. बाहेर वाटायच्या असतील तर लेखकाच्या वारसांची आणि प्रकाशकाची परवानगी घेऊनच. मुलाने पुस्तक समोर उघडे धरावे आणि ऐकत ऐकत ओळींवरून बोट फिरवावे. गोष्ट संपली की त्याला एकच विचारावे : तुला यातले कोण पटले नाही?

सुरुवात कोणत्या कथेने करावी यावर काल संयोजकांशी माझी बरीच चर्चा झाली. त्यांचे म्हणणे, काहीतरी हलके, हसरे घ्यावे. मला वाटते, जी.एं.ची 'कैरी' घ्यावी. अमोल पालेकरांनी तिच्यावर चित्रपट काढला, पण कथा कानांनी ऐकण्याची आहे. त्यातले ते पोर, त्याची तानीमावशी, तिचे सोसणे हे दहा-बारा वर्षांच्या मुलाला नक्की कळते. मुलांना दुःखाची गोष्ट देऊ नये हे मला मान्य नाही. ती दुःख ओळखतात, त्यांना फक्त त्यासाठी भाषा मिळालेली नसते. आणि ही भाषा इथली आहे, आपल्या धारवाडात राहून लिहिलेली. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी दुपारच्या सत्रात पुढे यावे, आपली कथा सुचवावी आणि ती का, ते सांगावे. त्या सत्राचा पहिला तास मी त्यासाठीच मोकळा ठेवायला सांगितला आहे.