पत्रा फोडण्याआधी



पावसाळा तोंडावर आला की आपल्या मोहल्ल्यांत छपरांची दुरुस्ती निघते. मदरशाचा वर्ग, यंत्रमागाची शेड, स्वतःचं घर. यातले बरेच जुने पत्रे सिमेंटचे असतात आणि त्या सिमेंटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात.

अ‍ॅस्बेस्टॉस हे एका खनिजाचं नाव नाही. सहा तंतुमय खनिजांना मिळून ते नाव आहे. पांढरं म्हणजे क्रायसोटाइल, याचे तंतू कुरळे असतात. बाकी पाचांचे सरळ, सुईसारखे: निळं क्रोसिडोलाइट, तपकिरी अमोसाइट, शिवाय ट्रेमोलाइट, अँथोफायलाइट आणि अ‍ॅक्टिनोलाइट. पत्र्यांत मुख्यतः पांढरं वापरतात. "निळं वाईट, पांढरं चालतं," असं सांगणारे तुम्हाला भेटतील. निळं जास्त घातक आहे हे खरं, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सहाही प्रकार कर्करोगकारक ठरवले आहेत. ब्रिटनने निळं आणि तपकिरी १९८५ मध्ये बंद केलं, पांढरं १९९९ मध्ये. आपल्याकडे पांढरं आयात करून पत्रे बनवायला आजही परवानगी आहे.

डोक्यावरचा धड पत्रा तुम्हाला लगेच आजारी पाडत नाही. धोका तो कापताना, भोक पाडताना, फोडताना उडणाऱ्या धुळीत आहे. ते तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, श्वासातून फुप्फुसात जातात आणि तिथेच राहतात. अ‍ॅस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग, फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हे आजार बहुधा २० ते ४० वर्षांनी दिसतात. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटीने वाढतो. कामाचे कपडे घरी धुणाऱ्या बायकांनाही मेसोथेलिओमा झाल्याची उदाहरणं आहेत.

कायदा काय म्हणतो? २७ जानेवारी १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचं आरोग्य हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यांनी कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत जपाव्यात, असा आदेश दिला. आजार उशिरा दिसतो, म्हणून पुरावा टिकला पाहिजे. पण नाक्यावरून रोजंदारीवर आणलेल्या, आपल्या छतावर चढलेल्या मुलाची नोंद कोण ठेवतं? त्याला चाळिशीत किंवा पन्नाशीत दम लागला, तर तो कोणाकडे बोट दाखवणार? तिथे मालक आपणच असतो. मजुराचा घाम सुकण्याआधी मजुरी द्या, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्याचा श्वास जपणंही त्याच जबाबदारीत येतं, असं मला वाटतं.

म्हणून काही गोष्टी ठरवू या. पत्रा आधी पाण्याने भिजवायचा, बोल्ट काढून अख्खा उतरवायचा. कटर-ग्राइंडर नाही, वरून फेकणं नाही, कोरडा झाडू नाही. साधा रुमाल किंवा कापडी मास्क पुरत नाही, धुळीसाठीचा घट्ट बसणारा मास्क द्यायचा. तुकडे जाड प्लॅस्टिकमध्ये बांधायचे, भरावात टाकायचे नाहीत. मुलांना लांब ठेवायचं. नवं छप्पर बिनअ‍ॅस्बेस्टॉसचं घ्यायचं.

आणि एक काम खास तुमच्यासाठी. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या मजुराला राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि तिथेच अनेकांचं अडतं. तुमच्या हातात मोबाइल आहे. आपापल्या गल्लीतल्या एका मजुराचा अर्ज या आठवड्यात भरून द्या.