घड्याळाचे काटे आणि न बदलणारी संख्या

(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गणित म्हणजे पाठ केलेली सूत्रे, अशी आपल्याकडे समजूत आहे. घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावी दहावी होताच "आता गणित सोड" असा सल्ला मुलांना, त्यातही मुलींना, सहज दिला जातो. म्हणून सूत्राविना समजणारे थोडे गणित आज आपणापुढे मांडतो.

दुपारी बारा ते रात्री बारा या वेळात घड्याळाचे दोन काटे एकमेकांवर किती वेळा येतात? पुष्कळजण १२ म्हणतील. पहिली व शेवटची भेट एकच धरली, तर उत्तर ११ आहे. मिनिटकाटा १२ फेऱ्या घेतो, तासकाटा १. फरक ११ फेऱ्यांचा.

आता समजा, एखाद्या खोडकर मुलाने दोन्ही काटे हवे तसे फिरविले. कधी जलद, कधी सावकाश, कधी उलटे. अट एवढीच, की काटा उचलून दुसरीकडे ठेवायचा नाही आणि अखेरीस फेऱ्या १२ व १ अशाच भरल्या पाहिजेत. भेटी ११ पेक्षा कमी होतील काय? मुळीच नाही. वाढतील मात्र. मिनिटकाट्याने पुढे जाताना तासकाटा ओलांडला तर अधिक एक, मागे येताना ओलांडला तर उणे एक, असे मोजा. बेरीज ११ च येते.

टोपॉलॉजी या शाखेत हाच विचार व्यापक होतो. प्रत्येक क्षणी काट्यांमध्ये एक कोन असतो. तो शून्य होतो ते क्षण म्हणजे शून्याच्या 'पूर्वप्रतिमा'. न तोडता हळूहळू केलेल्या बदलास 'होमोटोपी' म्हणतात. असा कितीही बदल केला तरी किमान किती पूर्वप्रतिमा उरणारच, हा मूळ प्रश्न. डच गणितज्ञ ब्राउअर यांनी १९११ च्या सुमारास अशी अधिक-उणे मोजणी वर्तुळापलीकडच्या आकारांसाठी सिद्ध केली. परंतु काही आकारांवर नुसती बेरीज पुरत नाही. दोन पूर्वप्रतिमा एकमेकींना रद्द करतील की नाही, हे त्यांना जोडणाऱ्या वाटेवरही अवलंबून असते. त्या किमान संख्येचा शोध हाइन्झ हॉप्फ यांनी १९३० मध्ये घेतला.

पृष्ठभागांवरील वळशांची मोजणी करणाऱ्या तेहरानच्या मरियम मिर्झाखानी यांना २०१४ साली फील्ड्स पदक मिळाले. हा मान मिळविणाऱ्या त्या जगातील पहिल्या महिला होत.

पालकहो, मुलगी वहीत गुंतलेली दिसली तर तिला गुण विचारण्याआधी "११ च का?" असे विचारा. कारण सांगता येणे हेच खरे शिक्षण. विद्यार्थी मित्रहो, उत्तर पाठ करू नका; ते बदलत का नाही, ते शोधा.