मधुमेह, तपस्या आणि रक्ततपासणीची मर्यादा

पर्युषण किंवा दशलक्षण पर्व जवळ आले की मधुमेही श्रावक-श्राविका अहवाल दाखवून विचारतात, ‘तीन महिन्यांची साखर सात आली आहे, आता अठ्ठाईला हरकत नाही ना?’ या प्रश्नाचे उत्तर त्या एका आकड्यात नाही, एवढेच आज सांगावयाचे आहे.

रक्तातील साखर तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटते. मधुमेहींमधील हे वेगळे हिमोग्लोबिन १९६८ च्या सुमारास तेहरानच्या डॉ. सॅम्युअल रहबर यांनी निदर्शनास आणले. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. म्हणून एचबीए१सी ही तपासणी मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. ७ टक्के म्हणजे सरासरी साखर सुमारे १५४.

परंतु सरासरीत चढउतार लपतात. एकाची साखर १२० ते १९० च्या दरम्यान राहते, दुसऱ्याची कधी ५० पर्यंत उतरते, कधी ३०० वर चढते. दोघांचाही अहवाल सातच येऊ शकतो. शिवाय लोहाच्या किंवा बी-१२ च्या कमतरतेने हा आकडा फसवा वाढू शकतो, तर रक्तस्रावानंतर किंवा रक्त चढविल्यानंतर फसवा घटू शकतो. थॅलेसेमियातही तो भरवशाचा राहत नाही. शाकाहारी व्यक्तींनी, विशेषतः मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी, बी-१२ ची तपासणी अवश्य करावी.

खरा धोका उपवासात आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असता अन्न थांबले, तर साखर ७० च्या खाली जाऊन घाम, कंप, संभ्रम व बेशुद्धी येऊ शकते. मागील तीन महिन्यांचा अहवाल उद्याच्या या संकटाची सूचना देत नाही. म्हणून पच्चक्खाण घेण्यापूर्वी वैद्यकीय सल्ल्याने औषधांची मात्रा ठरवावी. इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करू नये. ग्लुकोमीटरने दिवसातून अनेकदा साखर पाहावी आणि ती ७० च्या खाली गेल्यास तत्काळ साखर घ्यावी.

एका नयाने वस्तूचे पूर्ण स्वरूप कळत नाही, हे अनेकांतवादाने आपल्याला शिकविले आहे. तपही यथाशक्ती सांगितले आहे. बारा तपांत अनशनाबरोबरच ऊनोदरी, रसपरित्याग आणि स्वाध्यायही आहेत. ज्याला अनशन झेपत नाही, त्याच्यासाठी तपाचे द्वार बंद झालेले नाही.