आकाशातील अंतर आणि जमिनीवरचा वेळ

(काष्टी, ता. श्रीगोंदा येथील भाषणाचा मजकूर)



शिर्डीजवळचे काकडी आणि सोलापूर या दोन लहान विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे २८० किलोमीटर आहे. उद्या त्यांच्यामध्ये थेट सेवा सुरू झाली असे समजू. सत्तर आसनांचे पंख्याचे विमान ताशी सुमारे पाचशे किलोमीटर वेगाने जाते. चढउताराचा वेळ धरूनही ते तासाभराच्या आत पोचेल. हा हिशेब बिनचूक आहे. परंतु तो विमानाचा आहे, माणसाचा नव्हे.

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात बैल विकून सोलापूरला निघालेल्या शेतकऱ्याला त्या विमानासाठी आधी उत्तरेकडे सव्वाशे किलोमीटरहून अधिक रस्ता तुडवावा लागेल, विमानतळावर तास-दोन तास तिष्ठावे लागेल आणि मग पुन्हा दक्षिणेकडे यावे लागेल. उलट, दौंड जंक्शन त्याच्या उशाशी आहे आणि तेथून सोलापूर लोहमार्गाने सुमारे १९० किलोमीटर. प्रवासाचा वेळ धावपट्टीवर नव्हे, घराच्या उंबरठ्यावर सुरू होतो.

२०१७ साली ‘उडान’ योजनेचे पहिले विमान निघाले, तेव्हा साधी चप्पल घालणाराही विमानात बसेल, असे सांगण्यात आले. तासाभराच्या उड्डाणाला २५०० रुपयांची मर्यादा ठरली. तीही साधारणतः निम्म्या आसनांपुरती. कंपनीची तूट तीन वर्षे भरून देण्याची तरतूद झाली. हा पैसा बव्हंशी इतर विमानप्रवासावरील आकारणीतून येतो, असा युक्तिवाद केला जातो. तो अंशतः खरा आहे. पण राज्यांचा वाटा आणि विमानतळ उभारणीचा खर्च सार्वजनिक तिजोरीतूनच होतो.

फलित काय? महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार, दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनीच तीन वर्षे पूर्ण केली आणि त्यानंतर मार्च २०२३ पर्यंत अवघे ५४ टिकले. मदत संपताच मार्ग बंद पडतो, याचा अर्थ मागणी नव्हती, केवळ अनुदान होते.

याच काळात रेल्वेत काय घडले? कोविडनंतर पॅसेंजर गाड्या ‘विशेष’ ठरल्या आणि किमान भाडे १० रुपयांवरून ३० रुपये झाले. ते पूर्ववत व्हायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. विमानाच्या तुटीला सरकार धावले. मजुराच्या तिकिटावर मात्र तिप्पट भार पडला.

समाजवाद्यांचा विमानाला विरोध नाही. ईशान्येच्या डोंगरांत, बेटांवर ते गरजेचेच आहे. प्रश्न अग्रक्रमाचा आहे. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ पासून या पट्ट्यातून जातो आणि काष्टीला स्थानकही आहे. तेथे सोयीच्या वेळी थांबणारी एक साधी गाडी अनेकांचे तास वाचवील. आणि गरिबाचा तास म्हणजे त्याची मजुरी.

याच जिल्ह्यात, अहमदनगरात जन्मलेल्या मधू दंडवते यांनी १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गाद्या आणल्या. त्यांनी वेग वाढवला नाही. सामान्य माणसाची रात्र सुसह्य केली. विकासाचे अंतर कोणाच्या पायांनी मोजायचे, हे त्यांना उमगले होते. अहिल्यानगर जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी गावोगाव हाच हिशेब मांडावा आणि रेल्वेच्या दारात त्याचे उत्तर मागावे.