लाखेच्या तबकडीला सुई कोणती?



चेन्नईहून बंगळूरच्या रस्त्याला लागलं की श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे इरुंगाट्टुकोट्टै येतं. ह्युंदाईचा कारखाना, मोटार शर्यतींचा ट्रॅक आणि सिपकॉटची औद्योगिक वसाहत एवढीच गावाची बाहेर ओळख. पण इथून ओरगडमवरून पुढे गेलं की सिंगपेरुमाळ कोईल नावाचं लहानसं रेल्वे स्टेशन लागतं. कैराण्यात जन्मलेले आणि पुढे मिरजेचेच झालेले गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ २७ ऑक्टोबर १९३७ रोजी त्या स्टेशनावर वारले. मद्रासकडून पाँडिचेरीला निघाले होते, वाटेत बरं वाटेना म्हणून उतरले. त्यांना मिरजेला नेऊन मीरासाहेबांच्या दर्ग्यापाशी दफन केलं.

खाँसाहेबांचं नाव आज मुद्दाम घेतोय. सांगली-पुण्याकडून नोकरीसाठी या भागात आलेल्या घरांत कुठेतरी माळ्यावर आजोबांच्या रेकॉर्डींची पेटी असते, आणि तीत खाँसाहेबांची एखादी तरी निघते. मग प्रश्न येतो, ही वाजवायची कशावर?

पहिला मोह असतो तो पितळी कर्ण्याच्या फोनोचा. दिवाणखान्यात दिसतो झकास. मुंबईच्या चोर बाजारात असे ढिगानं मिळतात. त्यातले बरेचसे हल्ली जुळवलेले असतात: कर्णा नवा, खोका नवा, साउंडबॉक्स कुठलातरी. तो शोभेला ठेवा, त्यावर रेकॉर्ड ठेवू नका. अस्सल चावीचा फोनो असला तरी साउंडबॉक्सचा भार शंभर ग्रॅमच्या वर जातो. लाखेच्या तबकडीत दगडाची बारीक पूड मिसळलेली असे, आणि तिचं एक काम पोलादी पिनेचं टोक घासून खाचेच्या मापाचं करणं हेच होतं. म्हणून तर प्रत्येक बाजूला नवी पीन लावायची रीत होती. तीच पीन चार वेळा वापरली की तिला धार येते आणि मग ती खाचच खरवडते. पेटीतल्या काही रेकॉर्डी करड्या पडलेल्या दिसतात ना, त्या अशाच वापरल्या गेलेल्या.

तेव्हा घ्यायचं ते विजेवरचं टर्नटेबल. पण माझं म्हणणं असं की खरेदीला सुरुवात सुईपासून करावी. यंत्राचा विचार मागाहून.

एलपीची सुई लाखेच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, रेकॉर्डला चालत नाही. एलपीच्या सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण १८ मायक्रॉन असते, ७८ च्या सुईची सुमारे ७६, म्हणजे तीन मिल. मायक्रॉन म्हटलं की इथल्या कारखान्यातल्या माणसाला जास्त सांगावं लागत नाही. बारीक सुई त्या रुंद खाचेत बैलगाडीच्या चाकोरीत सायकलचं चाक पडावं तशी पडते. तळातला कचरा चाटत राहते, आणि ऐकू येते ती नुसती खरखर. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ जातीच्या कार्ट्रिजला ७८ साठीची वेगळी सुई मिळते. तिच्या नावाशेवटी ‘एसपी’ ही अक्षरं असतात. कार्ट्रिज तेच ठेवून सुई तेवढी बदलायची. ऑर्टोफोनचीही ७८ साठी वेगळी सुई येते. रेकॉर्डी फार झिजलेल्या असतील तर अडीच किंवा साडेतीन मिलची सुई लावून बघतात. ती खाचेच्या भिंतीवर वेगळ्या उंचीला टेकते, आणि जिथं पूर्वीच्या पिना पोचल्या नाहीत तिथला आवाज अजून शाबूत असू शकतो. माझ्या मते चांगल्या यंत्राला साधी सुई लावण्यापेक्षा साध्या यंत्राला योग्य सुई लावणं केव्हाही बरं.

दुसरी फुकटची युक्ती म्हणजे मोनो. या रेकॉर्डींत आवाज फक्त आडव्या हेलकाव्यात कोरलेला असतो. डावी-उजवी बाजू एकत्र केली की उभ्या हालचालीतून येणारी खरखर बरीचशी एकमेकींत विरून जाते. अँप्लिफायरला मोनोचं बटण असेल तर ते दाबा, बस्स.

आता यंत्र. त्याला ७८ चा वेग हवा, ही अट अनेक देखण्या टर्नटेबलांत बसत नाही. ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी१२०एक्सला आणि टेक्निक्सच्या एसएल-१२०० च्या सातव्या आवृत्तीला तो आहे. शिवाय वेग थोडा कमीजास्त करता आला पाहिजे, कारण ‘७८’ हे अनेकदा नावालाच. सुरुवातीच्या काळातल्या रेकॉर्डी कमी-अधिक वेगानं भरलेल्या असत. वेगात सहा टक्के फरक पडला की गवयाची पट्टी पांढरी दोनची काळी दोन होते. खाँसाहेबांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कर्ण्यासमोर गाऊन रेकॉर्डी दिल्या आणि पुढे तीसच्या दशकात मायक्रोफोनसमोर. त्यांचा आवाज मुळातच उंच पट्टीचा. वेग चढा राहिला तर तो चिरका होतो, आणि ऐकणारा म्हणतो, जुने लोक असंच गायचे! वेग तपासायला सत्याहत्तर रेघांची स्ट्रोबची चकती मिळते. चोकवाल्या जुन्या ट्यूबलाइटखाली तिच्या रेघा स्थिर दिसल्या की वेग ७७.९२, म्हणजे बरोबर. एलईडीच्या दिव्याखाली हा खेळ बहुधा जमत नाही.

एक भानगड अजून राहते. आजचे फोनो प्रीअँप १९५४ च्या सुमारास ठरलेल्या एलपीच्या मापानं उंच स्वर दाबतात, दहा हजार हर्ट्झला जवळजवळ १४ डेसिबलनं. लाखेच्या बहुतेक रेकॉर्डींत ते स्वर तेवढे उचललेलेच नसतात, त्यामुळे आवाज घोंगडीतून आल्यासारखा येतो. साधा उपाय, ट्रेबल वाढवा. कॉम्प्युटरवर घेणार असाल तर ऑडॅसिटी हे फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्यात आवाजाचं वळण बदलता येतं. खरखर पुसायच्या बटणाला मात्र जपून हात लावा. बेताबाहेर गेलात की आधी तंबोरा पुसला जातो. खाँसाहेबांनी कर्नाटक संगीतातली त्यागराजांची खरहरप्रिया रागातली कृतीही रेकॉर्ड केली होती. तमिळ शेजाऱ्यांना ती ऐकवायची असेल तर थोडी खरखर राहू द्या, त्यांचं काही बिघडत नाही.

साफसफाईचं सांगतो. स्पिरिट, सॅनिटायझर, अल्कोहोलचं कुठलंही औषध लावू नका. लाख त्यात विरघळते. डिस्टिल्ड वॉटर, त्यात थेंबभर सौम्य साबण, मऊ फडकं, आणि मधला कागद कोरडा ठेवायचा.

पेटीत पाच-सातच रेकॉर्डी असतील तर मात्र यंत्र घेऊच नका. मुंबईत १९९० साली सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या संग्राहकांच्या वर्तुळात विचारा, नीट यंत्रावर डिजिटल करून देणारं कुणीतरी भेटतं. नेताना रेकॉर्डी आडव्या रचू नका, उभ्या ठेवा, मध्ये जाड पुठ्ठा घाला. आणि मे महिन्यात बंद मोटारीत ठेवून जेवायला उतरू नका. चेन्नईच्या उन्हात लाख वाकायला फार वेळ लागत नाही.