मोटारीतला जुना रेडिओ काढण्यापूर्वी



मोटारीत टेप बसवणे हा काय रेडिओवर बोलण्याचा विषय झाला, असे काहींना वाटेल. पण आता गावोगाव जीप आहे, वडाप आहे, गुरुजींच्या दारात लहानशी गाडी आहे. कुणी शहरातून जुनी गाडी विकत आणली आहे. आणि गाडी दारात आली, की पहिला हौसेचा खर्च कशावर होतो? तर गाण्यावर. कंपनीने दिलेला संच काढायचा आणि मोठ्या पडद्याचा नवा बसवायचा. तालुक्याच्या दुकानात हे काम तासा-दोन तासांत उरकतं. जुना संच मग पोत्यात गुंडाळून माळ्यावर जातो, नाहीतर दुकानदार चार पैसे कमी करून तो ठेवून घेतो.

नवा संच बसवू नका, असं सांगायला मी आलेलो नाही. हौसेला मोल नसतं, हे मलाही ठाऊक आहे. माझं म्हणणं एवढंच, की जुना संच काढण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारा : हा संच गाण्याखेरीज आणखी कोणतं काम करीत होता?

शेतकरी बंधूंना हा प्रश्न नवा नाही. बांधावरची बाभूळ सावली धरते, पीक खाते, म्हणून एखादा ती तोडतो. पुढच्या मोठ्या पावसात बांध फुटतो, तेव्हा कळतं, की मुळांनी माती धरून ठेवली होती. सावली दिसत होती. मुळांचं काम दिसत नव्हतं. मोटारीतल्या रेडिओचंही आज तसंच झालं आहे.

पूर्वी असं नव्हतं. अमेरिकेत १९३० साली पॉल गॅल्व्हिन यांच्या कारखान्याने मोटारीत बसणारा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला ‘मोटोरोला’ हे नाव दिलं. त्या काळचे रेडिओ व्हॉल्व्हवर चालत. ते इतके अवजड असत, की सगळा संच चालकासमोर मावतच नसे. मुख्य पेटी डॅशबोर्डाखाली कुठेतरी, स्पीकर वेगळा, आणि स्टीअरिंगजवळ फक्त दोन बटणांची छोटी डबी. तिच्यापासून लवचीक तारा पेटीपर्यंत गेलेल्या. म्हणजे हाताशी एक भाग आणि आड दुसरा, ही युक्ती मुळात जुनीच आहे. पुढे ट्रान्झिस्टर आला, संच लहान झाला आणि समोरच्या खाचेत मावू लागला. ही खाच जर्मन मानकाप्रमाणे १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच अशी ठरली. ‘सिंगल डिन’ म्हणतात ती हीच. ‘डबल डिन’ म्हणजे उंचीला तिच्या दुप्पट. या ठरलेल्या मापामुळेच एका कंपनीचा संच काढून दुसऱ्या कंपनीचा बसवणं सोपं झालं. रेडिओ फक्त रेडिओ होता, तोवर त्यात काही बिघडतही नव्हतं.

मग मोटारीत छोटे छोटे संगणक आले. इंजिनाचा एक, ब्रेकचा एक, दारांचा एक. प्रत्येकापासून प्रत्येकापर्यंत वेगळी तार ओढायची तर गाडीत तारांचं जंगल होईल. म्हणून जर्मनीतील बॉश कंपनीने १९८६ साली एक पद्धत मांडली. तिच्यात एकमेकींना पीळ दिलेल्या दोनच तारा असतात आणि सगळे संगणक त्याच तारांवरून बोलतात. गावच्या चावडीत दवंडी पिटावी, सगळ्यांनी ऐकावी, पण ज्याच्याशी संबंध त्यानेच उठून काम करावं, तसा हा प्रकार. रेडिओही या चावडीत येऊन बसला. त्याच्याजवळ स्पीकर होता, पडदा होता, बटणं होती. साहजिकच इतरांनी त्याच्यावर आपली कामं सोपवली.

याचं चांगलं उदाहरण अमेरिकेतलंच आहे. २००० नंतरच्या दशकात जनरल मोटर्स कंपनीच्या कित्येक गाड्यांत दार उघडं राहिलं, पट्टा लावला नाही, दिवे चालू राहिले, की होणारा ‘टिंग टिंग’ आवाज रेडिओतूनच निघे. काही गाड्यांत दारं आपोआप कुलूपबंद व्हावीत की नाही, अशा गोष्टीही रेडिओच्याच बटणांवर ठरत. लोकांनी हौसेने नवा संच बसवला आणि गाडी मुकी झाली. गाणी उत्तम वाजत होती. इशारे मात्र बंद. तेव्हा तिथल्या कारागिरांनी तोडगा काढला : जुना संच फेकायचा नाही, त्याची जागा बदलायची. तारा लांबवून तो सामानाच्या कप्प्यात किंवा आसनाखाली नेऊन ठेवायचा. समोरच्या खाचेत नवा संच गाणी म्हणेल, आणि जुना संच आतल्या खोलीत बसून आपली राखण चालू ठेवील.

आपल्या गाड्यांना हे लागू आहे का? सगळ्यांना नाही. साध्या जुन्या जीपमधला रेडिओ बहुधा फक्त रेडिओच असतो. तो खुशाल काढा. पण आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना पट्ट्याचा इशारा, वेगाचा इशारा आणि मागे घेतानाचा इशारा सक्तीचा झाला. यांतले बहुतेक आवाज वेगदर्शक तबकडीकडून येतात. पण काही गाड्यांत मागचं चित्र, मागच्या अडथळ्याची खूण, स्टीअरिंगवरची बटणं आणि गाडीच्या काही आवडीनिवडी कंपनीच्या संचातून चालतात. गाडी मागे घेताना अंगणात खेळणारं पोर ज्या पडद्यावर दिसतं, तो पडदा मुका किंवा आंधळा होऊन चालणार नाही.

तपासण्याची रीत सोपी आहे, आणि शिक्षक बंधूंनी ती मोठ्या मुलांकडून प्रयोग म्हणून करून घ्यायला हरकत नाही. गाडी सपाट जागी, हातब्रेक ओढून उभी करा. एक वही घ्या. दार उघडं ठेवून चावी फिरवा, दिवे चालू ठेवून दार उघडा, मागचा गिअर टाका. कोणता आवाज येतो, कोणतं चित्र दिसतं, ते लिहून काढा. हँडलजवळ स्वतः जाणत्या माणसानेच बसावं आणि गाडीच्या मागे कुणी उभं राहू नये. मग चावी काढून जाणत्या मिस्त्रीकडून बॅटरीची ऋण तार सोडवा, संचामागचा कपलर तेवढा वेगळा करा, बॅटरी पुन्हा जोडा आणि तीच तपासणी पहिल्यापासून करा. वहीतलं जे जे हरवलं, ते ते रेडिओचं छुपं काम. मात्र काही संच बॅटरी सुटल्यावर चोरीच्या भीतीने कुलूपबंद होतात आणि आकडा विचारतात. तो आकडा गाडीच्या कागदपत्रांत आहे का, हे आधी पाहून ठेवा.

काहीच हरवलं नाही, तर प्रश्न मिटला. काही हरवलं, तर तीन वाटा आहेत. पहिली, जुना संच जागेवरच ठेवून फक्त स्पीकर चांगले घालायचे. पुष्कळदा खरी उणीव स्पीकरचीच असते आणि एवढ्यावरच मन भरतं. दुसरी, नव्या संचाबरोबर त्या गाडीसाठी बनवलेला एक छोटा दुभाषा बसवायचा. गाडीची भाषा त्याला कळते आणि जुन्या संचाची कामं तो आपल्या अंगावर घेतो. तिसरी वाट जागा बदलण्याची. दुभाषा मिळत नसेल, तर ही धरावी.

ही तिसरी वाट धरणाऱ्याने चार गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट : तार कापू नका. त्याच घडणीचे नर-मादी कपलर लावलेली जोडतार घ्या. कापलेल्या तारेवर चिकटपट्टी गुंडाळली, की ती उन्हाने सुटते, तार उघडी पडते आणि पत्र्याला टेकली तर ठिणगी. शिवाय कापाकापी दिसली, तर कंपनी हमी नाकारू शकते. रंगावरही विसंबू नका. नव्या संचाच्या तारांत पिवळी म्हणजे कायमचा वीजपुरवठा, लाल म्हणजे चावीबरोबरचा, काळी म्हणजे अर्थिंग, असा बहुतेक ठिकाणी रिवाज आहे. पण गाडीच्या स्वतःच्या तारांचे रंग कंपनीगणिक बदलतात. मीटर लावून खात्री करावी.

दुसरी गोष्ट : दोन संच एकाच स्पीकरला कधीही जोडू नका. आजच्या संचात स्पीकरच्या दोन्ही तारांतून शक्ती येते. दोघांनी एकाच वेळी जोर केला, तर एकाचा तरी अंत ठरलेला. म्हणून गाडीचे चारही स्पीकर नव्या संचाला द्यावेत, आणि जुन्याला इशाऱ्यापुरता एक छोटा स्वतंत्र स्पीकर द्यावा. तो चालकाला ऐकू येईल अशा जागी हवा. डिकीत वाजलेला इशारा काय कामाचा? त्याच कारणाने स्पीकरची कोणतीही तार पत्र्याला जोडू नये.

तिसरी गोष्ट : जागा पाहून निवडा. आसनाखाली जागा असते, पण पावसाळ्यात चपलांचा चिखल आणि पाणी तिथेच साचतं. डॅशबोर्डच्या कप्प्यात कोरडं असतं, पण हवा खेळली पाहिजे, संच तापतो. एअरबॅगच्या वाटेत काहीही ठेवू नये आणि तिच्या तारांना हात लावू नये. संच पट्टीने घट्ट बांधावा, खड्ड्यांनी खडखडता कामा नये. संदेशाच्या पीळ दिलेल्या तारा लांबवाव्या लागल्या, तर पीळ तसाच ठेवावा; पिळामुळेच बाहेरची खरखर त्यांत शिरत नाही.

चौथी गोष्ट हिशेबाची आहे, आणि ती फळ्यावर लिहिण्याजोगी आहे. तार लांबली, की तिचा अडथळा वाढतो. समजा, संच तीन मीटर लांब नेला. जाणारी आणि येणारी मिळून तार सहा मीटर झाली. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा अडथळा सहा मीटरला सुमारे ०.२ ओहम. तीतून दहा अँपिअर प्रवाह गेला, तर बारातले दोन व्होल्ट तारेतच गेले! दीड चौरस मिलिमीटरची तार घेतली, तर हेच नुकसान पाऊण व्होल्टाच्याही आत येतं. तार लांबवायची तर जाडही घ्यावी, ती यासाठी. आणि फ्यूज मूळचा जेवढ्याचा असेल तेवढ्याचाच ठेवा. तो वारंवार जळतो म्हणून जाडा घालणं म्हणजे राखणदार ओरडतो म्हणून त्याचंच तोंड बांधणं. पुढे जळते ती तार.

आता बॅटरी. दोन संच म्हणजे कायमच्या पुरवठ्यावर दोन तोंडं. चावी काढल्यावर दोन्ही संच नीट झोपी गेले आणि मिळून २० मिलिअँपिअर घेऊ लागले, तर ४५ अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी कागदावर तीन महिने पुरते. पण एक संच झोपलाच नाही आणि अर्धा अँपिअर खात राहिला, तर ९० तासांत, म्हणजे चार दिवसही न भरता, ती रिकामी. हा हिशेब कोरडा वाटेल. पण वाडीवर एकच गाडी असते. रात्री दोन वाजता बाळंतिणीला तालुक्याला न्यायचं असतं, आणि चावी फिरवली तर नुसती ‘कट कट’. त्या वेळी गाणी किती सुरेल वाजत होती, याला काय किंमत? म्हणून काम झाल्यावर, चावी काढून, दारं लावून, अर्ध्या तासाने गाडी किती प्रवाह खाते, ते मिस्त्रीला मीटरवर दाखवायला सांगा. कुशल मिस्त्री आनंदाने दाखवील.

खोक्यावरच्या आकड्यांविषयीही एक शब्द. खोक्यावर लिहिलेलं असतं ‘२०० वॉट’. संचाचा फ्यूज पाहा : समजा दहा अँपिअरचा आहे. इंजिन चालू असताना व्होल्ट साधारण चौदा. चौदा गुणिले दहा, १४० वॉट. विहिरीत १४० घागरी पाणी येत असेल, तर २०० घागरी सतत कोण उपसणार? आठवीतल्या मुलालाही हा गुणाकार येतो. तो दुकानात करायला मात्र आपण विसरतो.

शेवटी आमच्या घरची गोष्ट. घर म्हणजे आकाशवाणी. स्वस्त पडदेवाल्या पुष्कळ संचांत मध्यम लहरींची सोय दुबळी असते, काहींत नसतेच. उलट आपल्याकडील कित्येक नव्या मोटारींच्या मूळ संचात मध्यम लहरींबरोबर ‘डीआरएम’ ही अंकीय रेडिओची सोयही येते. मध्यम लहरींवरची काही प्रक्षेपणं बंद झाली आहेत, काही चालू आहेत. तुमच्या गावी काय लागतं, ते तुम्हीच फिरवून पाहा. घाटापलीकडे मोबाइलचा पट्टा नाहीसा होतो आणि एफएम विरतं, तिथेही पावसाचा अंदाज कानावर पडावा असं वाटत असेल, तर जुन्या संचाची ही विद्याही हिशेबात धरा. एरियल मात्र एकच असतं. ते कोणाला द्यायचं, हे आधीच ठरवावं.

नवं आलं, की जुन्याला जागा सोडावी लागते. हा सृष्टीचाच नियम आहे. पण जागा सोडणं वेगळं आणि घराबाहेर जाणं वेगळं. ज्याचं काम संपलं, त्याला खुशाल निरोप द्या. ज्याचं काम अजून चालू आहे, त्याला दुसरी जागा द्या. आणि काम संपलं की नाही, हे ठरवण्यापूर्वी वही उघडून एकदा नीट तपासा. मोटारीच्या रेडिओपुरतं सांगायचं ते एवढंच.