पेटीत किती डझन?

शब्दांवर पोट असलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

अध्यक्षीय भाषणात मराठीच्या भवितव्यावर बोलण्याचा रिवाज आहे. मीही त्यावरच बोलणार आहे, पण देवगडच्या एखाद्या लहान आंबा बागायतदाराच्या वेबसाइटवर उभं राहून. आपल्यापैकी अनेकांना अशा वेबसाइटसाठीचं लेखन दुय्यम वाटतं, नाव न घालता उरकून टाकायचं वाटतं. मला ते पटत नाही. त्या घराचं वर्षाचं उत्पन्न अडीच-तीन महिन्यांत ठरतं आणि त्यातला काही वाटा आपण लिहिलेल्या दोन परिच्छेदांवर असतो. इतक्या जबाबदारीचं गद्य आपल्या हातून क्वचितच लिहून होतं.

अशी वेबसाइट उघडा. पहिलं वाक्य बहुधा ‘गुणवत्ता हाच आमचा ध्यास’. दुसरं ‘निसर्गरम्य कोकणच्या कुशीतून थेट तुमच्या दारी’. डोंबिवलीत बसून आंबा मागवणाऱ्या बाईंना यातलं काहीच नको असतं. पेटीत किती डझन, फळ केवढं, कच्चं येणार की अढीतलं, किती दिवसांत पोचेल, आत साका, म्हणजे गराचा बिघडलेला भाग, निघाला तर काय, हे त्यांना हवं असतं. बागायतदाराला फोनवर हेच प्रश्न रोज विचारले जातात आणि तो त्यांची चोख उत्तरं देतो. लिहायची वेळ आली की मात्र तो आपल्याकडे येतो आणि आपण त्याची चोख भाषा पुसून तिथे ‘ध्यास’ लिहितो. हे थांबलं पाहिजे.

त्याऐवजी असं लिहून पाहा: ‘देवगड तालुक्यातल्या आमच्या बागेतला हापूस. पेटीत पाच डझन फळं, प्रत्येक फळ साधारण २०० ते २५० ग्रॅम. तयार आंबा काढून पेंढ्याच्या अढीत पिकवतो. पुण्यात तिसऱ्या दिवशी घरपोच. साका निघाला तर फोटो पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत.’ यात एकही विशेषण मिरवत नाही. आणि देवगड, हापूस, पेटी, पुणे, घरपोच हे शब्द, जे माणसं गूगलच्या चौकटीत खरोखर टाइप करतात, ते आपसूक आले. शोधात सापडणाऱ्या लेखनाचा मोठा भाग एवढाच आहे. विचारणाऱ्याच्या तोंडचा शब्द आणि त्याला हवा असलेला तपशील एका पानावर भेटले पाहिजेत.

तरीही ‘एसईओ’च्या, म्हणजे शोधात वर आणून देण्याच्या, नावाखाली गावोगावच्या व्यावसायिकांना काय काय विकलं जातं, ते पाहून मला राग येतो. कीवर्ड्सचा मेटा टॅग, म्हणजे पानाच्या कोडमधली शब्दांची यादी, क्रमवारीसाठी आपण वापरत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलं, तरी त्यात शब्द भरून देण्याचे पैसे आजही घेतले जातात. ‘हापूस आंबा पुणे, हापूस आंबा ठाणे, हापूस आंबा नाशिक’ अशी माळ पानाच्या तळाशी ओवली जाते. शब्दांची अशी कोंबाकोंब गूगलच्या नियमांत स्पॅम ठरते. शहराचं नाव बदलून तीच पानं वीसदा छापणं, तेही तसंच. गंमत वाटून घेण्यासारखं यात काही नाही, कारण भुर्दंड बागायतदाराला पडतो.

मराठीची म्हणून काही खास दुखणी आहेत, त्यांवर जरा थांबतो. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर वेबसाइटवर चिकटवला, तर डोळ्यांना देवनागरी दिसते, आत मात्र रोमन अक्षरं आणि चिन्हं साठलेली असतात. शोधयंत्राला तिथे ‘हापूस’ सापडणारच नाही. ‘गिऱ्हाईक’मधला अर्धा र दोन वेगळ्या संकेतांनी टंकता येतो आणि दिसायला दोन्ही सारखे. म्हणून सगळ्या साइटवर एकच पद्धत ठेवा. दरपत्रकाचं चित्र बनवून व्हॉट्सॲपवर पाठवायची आपल्याला सवय आहे. तेच चित्र वेबसाइटवर टाकलं, तर त्यातले भाव शोधयंत्राने वाचावेत असा भरवसा नाही, आणि ऐकून वाचणाऱ्या अंध ग्राहकापर्यंतही ते पोचत नाहीत. भाव मजकुरात लिहा, सोबत तारीख लिहा.

पानाच्या शीर्षकाच्या जागी ‘होम’ असं सोडून देऊ नका. ‘देवगड हापूस, पाच डझनांची पेटी, पुण्यात घरपोच’ हे शीर्षक शोधाच्या यादीत स्वतःच्या पायावर उभं राहतं. आणि हंगाम संपला की पान काढून टाकू नका. पत्ता तोच राहू द्या, ‘यंदाचा आंबा संपला, पुढची काढणी मार्चमध्ये’ एवढं लिहा. दरवर्षी नवं पान केलं, तर मागल्या वर्षी मिळवलेली ओळख वाया जाते.

आता सचोटीबद्दल. कर्नाटकातला आंबा कोकणच्या पेटीत भरून विकला जातो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांपुरतं. तुमचा बागायतदार त्याचा नोंदणीकृत वापरकर्ता असेल, तर तसं सरळ लिहा. नसेल, तर मानांकनाचं चिन्ह लावू नका, त्याने कितीही गळ घातली तरी. ‘कार्बाइडमुक्त’ हा शब्दही जपून वापरा. कार्बाइडने फळ पिकवायला आपल्याकडे कायद्यानेच बंदी आहे. जे कायद्याने करायचंच नाही, ते न केल्याची फुशारकी कशाला? आंबा कसा पिकवता, किती दिवस अढीत ठेवता, हे सांगा. ज्याने अढी लावली आहे, त्यालाच ते नीट सांगता येतं. नकली माल विकणाऱ्याला तिथे गोल गोल लिहावं लागतं, आणि वाचणाऱ्याला ते कळतं.

हा आग्रह फक्त आंब्यापुरता नाही. येवल्याचा पैठणी विणकर, कोल्हापुरातला चप्पल कारागीर, मालवणात घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देणारं कुटुंब, या सगळ्यांकडे सांगण्यासारखं भरपूर आहे. मराठीत माल शोधणाऱ्याला मराठीत धड उत्तर मिळालं नाही, तर तो पुढच्या वेळी इंग्रजीत शोधतो. भाषेच्या भवितव्यावर बोलतो म्हटलं होतं, ते हे.

संयोजकांना मी एक विनंती केली होती आणि त्यांनी ती मान्य केली. दुपारच्या सत्रात चर्चा ठेवलेली नाही. प्रत्येकाने ओळखीच्या एका लहान व्यावसायिकाला इथूनच फोन लावायचा, लोक त्याला काय काय विचारतात ते त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यायचं आणि त्यावरून एक पान लिहायचं. संध्याकाळी ती पानं आपण मोठ्याने वाचू, दुरुस्त करू आणि ज्याची त्याला पाठवून देऊ. मोबदला घ्यायचा नाही. जेवणानंतर लगेच बसू.